वेष्टन झाका, मग बोला

गेली पंधरा वर्षं मी एक थाप मारत आलोय. जाणूनबुजून नाही, पण थाप ती थापच. कुणी विचारलं की "स्मेतानाच्या व्ल्तावाचं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग कुठलं?", की मी क्षणाचाही विचार न करता सांगायचो, "कुबेलिक, प्राग, १९९०. बाकीची ऐकायचीही गरज नाही." समोरच्यानं "का?" म्हणून विचारलंच, तर गोष्ट सांगायचो. गोष्ट इतकी झकास आहे की पुढे कुणी काही विचारतच नसे.

परवा एकीनं विचारलं. त्याचाच हा आजचा लेख.

ज्यांना या प्रकरणाची कल्पना नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. बेद्रिख स्मेताना हा १८२४ साली जन्मलेला चेक संगीतकार. त्यानं 'मा व्लास्त', म्हणजे 'माझा देश', या नावाखाली वाद्यवृंदासाठी सहा रचना केल्या. यातली प्रत्येक रचना म्हणजे सिंफनिक पोएम, शब्दांशिवाय वाद्यांनी सांगितलेलं एक कथन. त्यातली दुसरी 'व्ल्तावा', म्हणजे प्रागमधून वाहणारी नदी. साधारण बारा मिनिटांचा मामला. दोन झरे उगम पावतात, एक होतात, नदी होते. वाटेत जंगलातल्या शिकारीची शिंगं ऐकू येतात, काठावर एक खेड्यातलं लग्न लागतं, चांदण्यात जलपऱ्या नाचतात, मग सेंट जॉनच्या खडकाळ टप्प्यात पाणी फुटतं, आणि शेवटी प्रागच्या विशेह्राद गडाला सलाम करून नदी दूर निघून जाते. पाश्चात्य शास्त्रीय संगीताशी ज्यांचा छत्तीसचा आकडा आहे त्यांनाही ही चीज पहिल्या खेपेत आवडते. मलाही तशीच आवडली होती.

आता ती गोष्ट. राफाएल कुबेलिक हा चेक कंडक्टर १९४८ साली कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्यावर देश सोडून गेला. शिकागो, लंडन, म्युनिक असं फिरत त्यानं परदेशात मोठं नाव कमावलं, पण घरी परतला नाही. १९८० च्या दशकाच्या मध्याला प्रकृतीमुळे निवृत्त झाला. १९८९ च्या नोव्हेंबरात प्रागमधली राजवट कोसळली, आणि १२ मे १९९० रोजी, स्मेतानाच्या पुण्यतिथीला, प्राग स्प्रिंग महोत्सवाच्या सुरुवातीला पंच्याहत्तर वर्षांचा कुबेलिक बेचाळीस वर्षांनी चेक फिलहार्मोनिकपुढे उभा राहिला. वाजवलं 'मा व्लास्त'. ऐकायला राष्ट्राध्यक्ष हावेल. याहून मोठा प्रसंग कुठून आणणार? हे सांगताना माझा स्वतःचा गळा दाटून यायचा.

तर परवा माझी भाची आली होती. नववीत आहे, चार वर्षं व्हायोलिन शिकतेय. तिला ही गोष्ट मी साग्रसंगीत ऐकवली, मग रेकॉर्डिंग लावलं. बारा मिनिटं ती गप्प बसून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मामा, ते सगळं ठीक आहे रे. पण वाजवलंय कसं?"

आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं! म्हणजे शब्द होते. "भावपूर्ण", "आतून आलेलं", "अंगावर काटा". पण हे सगळं मी त्या संध्याकाळबद्दल बोलत होतो, वाजवण्याबद्दल नाही. हे माझं मलाच कळलं आणि जरा लाजच वाटली. दिवसभर ऑफिसात ज्युनियर मुलांना सांगायचं, "मला वाटतं हे कारण नाही, मोजून दाखवा"; आणि घरी स्वतः पंधरा वर्षं एकाच उत्तराची कॅश वाटत बसायचं.

मग आम्ही दोघांनी रविवार सत्कारणी लावला. सहा रेकॉर्डिंग निवडली. चार कुबेलिकचीच: पन्नाशीच्या दशकातलं व्हिएन्नाचं, १९७१ चं बोस्टनचं, १९८४ चं म्युनिकच्या रेडिओ ऑर्केस्ट्राचं आणि १९९० चं प्रागचं. जोडीला कारेल आन्चेर्लचं १९६३ चं चेक फिलहार्मोनिकबरोबरचं आणि जॉर्ज झेलचं क्लीव्हलँडचं. मी सगळ्या फायलींची आवाजाची पातळी एकसारखी केली (हे फार महत्त्वाचं, दोन फायलींत जरा मोठी वाजणारी माणसाला नेहमी जास्त चांगली वाटते, हे ऑडिओवाल्या कुणालाही विचारा). मग फायलींची नावं भाचीनं बदलली, १ ते ६. मला खोलीत बसवलं आणि हातात वही दिली.

निकाल सांगतो, हसू नका. ज्या फाईलपुढे मी मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं, "हे वाजवणारे याच नदीकाठी वाढलेत, हे १९९०", ती निघाली बोस्टन. आणि प्रत्यक्ष १९९० पुढे मी लिहून बसलो होतो, "सूर सुंदर. लग्नात पाय जड. नदी अधूनमधून थांबून मागे वळून बघते." माझ्या क्रमवारीत ते चौथं आलं. चौथं!

एका माणसाची एका रविवारची चाचणी म्हणजे काही शास्त्र नव्हे, मान्य. झेल आणि आन्चेर्ल मला जुन्या ओळखीमुळे जरा अंदाजानं ओळखता आले, तेही मान्य. पण एवढ्यानंही माझा एक समज कायमचा मोडला, आणि आता जे मला स्वतःबद्दल बोलायचं आहे तेच इतर रसिक मंडळींबद्दलही बोलणार आहे. रेकॉर्डिंगची तुलना म्हणून जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बरंचसं ऐकण्याबद्दल नसतंच. ते वेष्टनाबद्दल असतं. आणि या वेष्टनाचे तीन प्रकार आहेत.

पहिलं वेष्टन इतिहासाचं. त्याबद्दल वर लिहिलंच. हा रोग फक्त त्यांच्याकडे आहे असं कृपा करून समजू नका. आपल्याकडे गाण्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात गाणं किती आणि किस्से किती, एकदा मोजून बघा. बुवा कसे उशिरा आले, पहाटे चारला कसा तंबोरा लागला, पहिल्या रांगेत कोण बसलं होतं, आणि पहिल्या षड्जाला कसे सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बरं, मग राग कसा उलगडला? ते नसतंच. समीक्षेच्या जागी आठवण येऊन बसली की ती उठत नाही, कारण आठवणीला "चूक" म्हणणं असभ्यपणाचं दिसतं.

दुसरं वेष्टन रक्ताचं. "व्ल्तावा वाजवावी तर चेक लोकांनीच. ते रक्तातच असावं लागतं." हे वाक्य मीही फेकलेलं आहे. आता जरा रक्ताचा हिशेब बघू. खुद्द स्मेतानाचं शिक्षण जर्मनमधून झालेलं. चेक भाषा नीट लिहायला तो मोठेपणी शिकला. पाच वर्षं तो स्वीडनमध्ये योटेबोर्गला नोकरी करून राहिला. व्ल्तावाची ती प्रसिद्ध सुरावट एका जुन्या इटालियन गाण्याच्या चालीशी इतकी मिळतीजुळती आहे की अभ्यासक तिचं नातं थेट तिकडे जोडतात. आणि ज्याला मी "नदीकाठी वाढलेले" म्हणालो ते सगळे वाढले होते अमेरिकेत किंवा असेच कुठे कुठे. आपल्याला तर हे कुणी शिकवायची गरजच नाही. 'अभंगवाणी' घेऊन गावोगावी तुकोबा-नामदेव ऐकवणारे भीमसेन जोशी गदग भागातले कानडी. कुमार गंधर्व बेळगावजवळचे, तेही कानडी. मराठी रक्त नाही म्हणून त्यांचे अभंग कुठे कमी पडले? भाषा, चाल, लय या गोष्टी शिकाव्या लागतात, आणि शिकता येतात. रक्तात फक्त हिमोग्लोबिन असतं.

तिसरं वेष्टन आवाजाचं, म्हणजे आमच्या जमातीचं. नवं रीमास्टरिंग, अमुक बिट, तमुक किलोहर्ट्झ, हेडफोनची किंमत. शिकागोला १९५२ साली कुबेलिकचं पहिलं संपूर्ण 'मा व्लास्त' मर्क्युरी कंपनीनं एकच मायक्रोफोन टांगून मोनोमध्ये रेकॉर्ड केलं. ते आज ऐकताना व्हायोलिनच्या धनुष्यांची धार कळते. उलट, रेशमासारखी रेकॉर्डिंगं आहेत ज्यांत सगळं इतकं गुळगुळीत आहे की नदी आहे की वॉर्निश, हे कळत नाही. आवाज स्वच्छ असावा, कोण नाही म्हणतंय? पण स्वच्छ काचेतून काय दिसतंय ते कुणी बोलायचं की नाही?

"मग राव, तुलना करायची तरी कशाच्या आधारानं?" हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर कंटाळवाणं वाटेल, पण सांगतो: स्पेक वाचा. म्हणजे स्वरलिपी.

व्ल्तावाच्या बाबतीत स्वरलिपीला एक वेगळंच वजन आहे. स्मेताना १८७४ च्या ऑक्टोबरात ठार बहिरा झाला. व्ल्तावा त्यानं लिहिली त्याच वर्षी २० नोव्हेंबर ते ८ डिसेंबर या एकोणीस दिवसांत. ४ एप्रिल १८७५ ला प्रागमध्ये पहिल्यांदा वाजली, तेव्हा ती टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकानं ऐकली, लिहिणाऱ्यानं सोडून. त्याच्या आयुष्यात या नदीचा एक थेंबही त्याच्या कानावर पडला नाही. म्हणजे "त्याला असंच आवडायचं", "त्याच्या समोर असं वाजलं होतं" असली कुठलीच पळवाट इथे नाही. त्याच्या हातची शाई आहे, बस्स. कानातले सगळे आवाज बंद झालेल्या माणसानं जे कागदावर लिहिलं ते निदान वाचण्याचा शिष्टाचार तरी आपण पाळायला हवा.

आणि त्या कागदावर सुरुवातीलाच लिहिलंय: आलेग्रो कोमोदो नोन आजितातो. म्हणजे चपळ, पण निवांत; घायकुतीला न येता. पुढे लग्नाच्या जागी लिहिलंय: लिस्तेस्सो तेम्पो, मा मोदेरातो. लय तीच, पण जरा संयमानं. आणि चांदण्यातल्या पऱ्यांच्या जागी पुन्हा: लिस्तेस्सो तेम्पो. लय तीच.

आपल्या भाषेत सांगतो, म्हणजे यातली गंमत कळेल. नदी सहा-आठच्या मोजणीत आहे. प्रत्येक आवर्तनाला दोन ठोके, आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन. लग्नातला पोल्का दोन-चारच्या मोजणीत. ठोके दोनच, पण पोटात दोन किंवा चार. म्हणजे ठोका हलवायचा नाही, फक्त तिश्र जातीतून चतुश्र जातीत जायचं! हे आपल्याकडे कुठल्याही बऱ्या तबलजीला झोपेत जमतं, आणि लय न सोडता जात बदलली म्हणूनच आपण "वाहवा" म्हणतो. जात बदलताना त्यानं लयही टाकली, तर आपण काय म्हणू? गडबडला म्हणू.

स्मेतानाला काय म्हणायचंय ते या दोन शब्दांत आहे, असं मला आता वाटतं. काठावर शिकार होते, लग्न होतं, पऱ्या येतात, पण पाणी त्यांच्यासाठी थांबत नाही. देखावे बदलतात, प्रवाह एकच. हे लक्षात घेतलं नाही तर व्ल्तावा म्हणजे पर्यटन खात्याचं कॅलेंडर होतं: हे बघा जंगल, हे बघा लग्न, हे बघा चांदणं. सुंदर सुंदर सहा चित्रं, आणि मधे पानं उलटल्याचा आवाज.

आता या कसोटीवर ऐका. तोस्कानिनीचं १९५० चं न्यूयॉर्कचं: ताण जबरदस्त, पण 'घायकुतीला न येता' हे सुरुवातीचे तीन शब्द जणू वाचलेच नाहीत. फुर्टव्हेंगलरचं १९५१ चं व्हिएन्नाचं: मुख्य सुरावट एखाद्या प्रार्थनेसारखी रुंद आणि गंभीर. मला ते ऐकताना आजही भारून जायला होतं, पण ते वाहणारं पाणी नाही, ते धरण आहे. कारायानचं १९६७ चं बर्लिनचं: वर म्हटलं ते वॉर्निश. इतकं देखणं की लग्नातल्या एकाही माणसाच्या पायाला चिखल नाही.

झेलच्या क्लीव्हलँडमध्ये मात्र बघा. सुरुवातीच्या दोन बासऱ्या एकमेकींच्या हातातून धावतं वळण घेतात तिथे सांधा ऐकू येत नाही, जणू एकच श्वास. आणि खडकाळ टप्प्यात, जिथे पितळी वाद्यं आणि झांजा सगळ्यांच्या अंगावर येतात, तिथेही खाली तंतुवाद्यांचं पाणी सुटं-सुटं वाहताना कळतं. बहुतेक रेकॉर्डिंगांत तिथे नुसता गदारोळ असतो. आन्चेर्ल सर्वांत कमी बोलणारा. आउशवित्झमधून जिवंत परतलेला हा माणूस कुठेही "बघा, माझा देश" म्हणून थांबत नाही; लग्न येतं, नदीच्या चालीतच येतं, आणि जातं. वात्स्लाव तालिखचं १९५४ चं जुन्या मोनोतलं: पोल्कावर खरोखर नाचता येईल. आणि बोस्टनचा कुबेलिक, ५६ वर्षांचा, अंगात बळ, हाताखाली तयारीचा वाद्यवृंद: लय हलते, पण नदीच्या पात्रासारखी हलते, गिअर टाकल्यासारखी नाही.

तंतोतंत 'लय तीच' जवळजवळ कुणीच पाळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चांदण्यात सगळेच थोडे रेंगाळतात. 'मा मोदेरातो' या शब्दांनी तेवढी सूट दिलीय असा युक्तिवादही करता येईल. माझं म्हणणं घड्याळ लावून बसा असं नाही. रेंगाळून परत येताना नदी होती तिथेच सापडते का, की पुन्हा नव्यानं सुरू करावी लागते, एवढंच ऐका. माझ्या कानांना १९९० मध्ये ती दोनदा नव्यानं सुरू करावी लागते. कारण समजण्यासारखं आहे. पंच्याहत्तर वर्षांचा आजारी माणूस, बेचाळीस वर्षांनी घरी आलेला, त्यानं मागे वळून बघायचं नाही तर कुणी? माणूस म्हणून मी त्याला त्रिवार नमस्कार करतो. पण "सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग कुठलं" हा प्रश्न माणसाबद्दलचा नव्हता.

आणि खरं तर त्या गोष्टीनं आपण कुबेलिकवरच अन्याय करतो. आयुष्यभर परक्या मुलखात, परक्या वाद्यवृंदांना त्यानं ही नदी पुन:पुन्हा शिकवली, आणि बोस्टनच्या लोकांकडून ती अशी वाजवून घेतली की मी त्यांना प्रागचे समजलो. ही त्याची खरी कमाई. आपण मात्र त्याला एका संध्याकाळच्या टाळ्यांत गुंडाळून ठेवलंय.

"म्हणजे इतिहासाला काहीच किंमत नाही का?" आहे. एक उदाहरण देतो, जिथे माझी ही सगळी कसोटी गळून पडते. १५ मार्च १९३९ ला नाझी फौजा प्रागमध्ये शिरल्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ५ जून १९३९ ला, तालिखनं प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात 'मा व्लास्त' वाजवलं. त्या प्रक्षेपणाची ध्वनिमुद्रिका नॉर्वेच्या रेडिओकडे जपली गेली म्हणून आज ती ऐकता येते. खरखर आहे, आवाज दबलेला आहे. पण शेवटी टाळ्या थांबत नाहीत, आणि त्या टाळ्यांतून श्रोते आपलं राष्ट्रगीत गायला लागतात. हे मी वेष्टन झाकून ऐकू शकत नाही. कुणीच शकणार नाही; खरखरीवरूनच कळतं. पण इथेही नीट बघा: ज्यानं अंगावर काटा येतो तो आवाज वाद्यवृंदाचा नाही, श्रोत्यांचा आहे. तो मान त्या श्रोत्यांचा. तो त्यांना द्या, पूर्ण द्या. पण त्यावर पाच तारे लावून व्ल्तावाच्या क्रमवारीत बसवू नका. क्रमवारीत बसवणं हा त्याचाही अपमानच.

जाता जाता एक गंमत. स्मेतानानं झांजा वाजवून रंगवलेला तो सेंट जॉनचा खडकाळ टप्पा आज अस्तित्वात नाही. १९४० च्या दशकात पूर्ण झालेल्या श्त्येखोवित्से धरणाच्या पाण्याखाली तो बुडाला. म्हणजे "हे अगदी खऱ्या नदीसारखं वाटतं" म्हणायची सोयही राहिली नाही. खरी नदी तिथे आता संथ आहे. ते फुटणारं पाणी फक्त कागदावर उरलंय, आणि जो कागद नीट वाचेल त्याच्या वाजवण्यात.

असो. माझी यादी कुणाला हवी असेल तर बोस्टन १९७१, आन्चेर्ल १९६३, झेल, या क्रमानं. पण माझ्या यादीवर विश्वास ठेवाल तर या लेखाचा उपयोग शून्य. घरात कुणालातरी फायलींची नावं बदलायला सांगा, आवाजाची पातळी सारखी करा, वही घ्या. लाज वाटेल, वाटू द्या.

भाचीनं तिच्या वहीत काय लिहिलं होतं ते मी नंतर बघितलं. तिनं एकही कंडक्टर ओळखायचा प्रयत्न केला नव्हता. १९९० च्या फाईलपुढे तिनं लिहिलं होतं, "हे आजोबा दमलेत, पण त्यांना सोडवत नाहीये." तेव्हा तिला कुठली फाईल कुणाची हे आठवतसुद्धा नव्हतं, नावं बदलून यादी तिनं पाकिटात घालून ठेवली होती.

पंधरा वर्षं मी जी गोष्ट सांगत होतो ती तिला एका ओळीत ऐकू आली होती. तीही वाजवण्यातून.